मानेत बसलेली गाडी

"दिसला! दिसला! बल्ब दिसला!"

डंपरच्या उंच केबिनमधून एक गृहस्थ ओरडले आणि खाली मैदानात जमलेल्या गर्दीने टाळ्यांचा कडकडाट केला. वर मात्र फार थोड्यांना बघता आलं. जमलेल्यांपैकी निम्म्यांच्या गळ्यात मानेचे पट्टे होते, त्यामुळे वर बघायचं तर कमरेतूनच मागे वाकावं लागे. लांबून येणाऱ्याला वाटावं, ही सगळी माणसं मिळून आभाळाला काहीतरी जाब विचारताहेत.

"पुढचा कोण?" डंपर महाराजांनी भोंगा वाजवला. "गाडी केवढी?"

कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, असले किरकोळ प्रश्न महाराज विचारत नसत. गाडी केवढी, एवढंच. त्यांच्या अंगात खाकी शर्ट आणि हातात एक सुटं स्टिअरिंग असे. विचार करताना ते डावीकडे फिरवायचं, उत्तर सापडलं की उजवीकडे. आशीर्वाद भोंग्याने.

महाराजांचं शास्त्र सोपं होतं. मागून कुणी धडकलं की त्या मागच्या गाडीचं वजन पुढच्या गाडीत शिरतं. पुढची गाडी मोठी असेल तर ते तिच्यातच मुरतं. लहान असेल तर बिचारं वजन जागा शोधत हिंडतं आणि शेवटी माणसाच्या मानेत येऊन बसतं. म्हणून ट्रकवाल्याची मान चहा पिऊन होईपर्यंत बरी होते, जीपवाल्याची दोन महिन्यांत, छोट्या गाडीवाल्याला वर्ष लागतं, आणि दुचाकीवाल्याने आशा धरू नये.

"आणि हे खरं आहे गं," सासूबाई धाकटीच्या कानाशी कुजबुजल्या. "तो मघाचा ट्रकवाला बघितलास ना? आला आणि नाचत गेला."

धाकटी 'बघितलं' म्हणाली. मान डोलावण्याची सोय नव्हती. घरातली ही धाकटी सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. महिन्याभरापूर्वी सिग्नलला त्यांची इवलीशी गाडी उभी असताना मागून पावाची व्हॅन येऊन आदळली. नवऱ्याला काही झालं नाही. बाळ मागे आपल्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेलं होतं, ते दचकून उठलं, रडलं आणि लगेच व्हॅनमधून रस्त्यावर घरंगळलेले पाव बघून हसायला लागलं. धाकटीची मान मात्र दुसऱ्या दिवशी लाकडासारखी झाली.

इस्पितळातल्या व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासून सांगितलं होतं, "हाड मोडलेलं नाही, स्नायू ताणलेत. पट्टा फार दिवस बाळगू नका. मान हळूहळू सगळीकडे फिरवत राहा. आणि बाळाला आधी बसून मांडीवर घ्या, जमेल तसं उचला. हे बहुतेक काही आठवड्यांत ओसरतं."

पण त्याच संध्याकाळी सासूबाई तिला डंपर महाराजांकडे घेऊन गेल्या. महाराजांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं आणि निकाल दिला, "छोटी गाडी. एक वर्ष. तोवर बाळ उचलायचं नाही. आधीच मानेत अख्खी व्हॅन बसली आहे, वर पोराचा भार टाकलात तर मणका जाईल."

सासूबाई दुष्ट असत्या तर धाकटीचं काम सोपं होतं. भांडता आलं असतं. पण त्या रात्रीतून उठून तिच्या मानेखालची उशी सारखी करायच्या. बाळ रांगत येऊन धाकटीच्या गुडघ्याला धरून उभं राही आणि दोन्ही हात वर करी, की सासूबाई हातातलं काम टाकून धावत येत आणि त्याला अलगद उचलून नेत. "आईला बाऊ झालाय हं, सोन्या. आईच्या मानेत गाडी आहे." पाळण्यापासून अंघोळीपर्यंत सगळं त्यांनी अंगावर घेतलं. डॉक्टरीणबाईंचं नाव काढलं की डोळ्यांत पाणी आणत.

"आई, आमच्या दुकानात एकदा एका काकांना मी नुसती रिकामी फ्रेम चढवली होती," धाकटीने एकदा सांगून पाहिलं. "नाकावर बसते का ते बघायला. तर काका म्हणाले, वा, आता कसं स्वच्छ दिसतंय!"

"मग दिसलं असेल."

"काच नव्हती त्यात, आई!"

"म्हणूनच स्वच्छ दिसलं असेल."

दिवस गेले. आणि एका सकाळी बाळ रांगत तिच्या अंथरुणाशी आलं, तिच्याकडे बघून छानसं हसलं, मग वळलं आणि स्वयंपाकघराच्या दारातल्या आजीकडे बघून त्याने दोन्ही हात वर केले.

आईकडे हात करून उपयोग नाही, हे त्याला कळलं होतं. एवढ्याशा जिवाने ते किती चटकन समजून घेतलं! रडलंसुद्धा नाही. धाकटीला ते त्याचं न रडणंच लागलं.

तिने नवऱ्याला गाठलं. "मला वर्षभर थांबायचं नाहीये. तू काहीतरी कर."

तिच्या मनात होतं की त्याने आईशी बोलावं. नवरा स्वभावाने शांत, आईशी वाद घालणं त्याला कधी जमलं नाही. हातोडी मात्र जमायची. त्याने गाडी मोठी करायला घेतली.

यात तो एकटा नव्हता म्हणा. गावभर हेच चाललं होतं. निवृत्त टपालमास्तरांनी स्कूटरला दोन्ही बाजूंनी शिड्या बांधून तिला जीपच्या वर्गात बसवलं होतं. नाचाचा क्लास घेणाऱ्या बाईंनी सायकलला ट्रकचे मडगार्ड लावले होते, आणि त्या पाय जमिनीला न टेकवता वळू शकत नसल्यामुळे तीन चौकांत रोज वाहतूक तुंबत होती. नवऱ्याने प्लायवूडचे पंख ठोकून गाडी एवढी रुंद केली की तिचे दरवाजेच उघडेनात. मान दुखणाऱ्या बायकोला बरं करायला न्यायचं, म्हणून तिला डिकीतून रांगत आत शिरावं लागलं. बाळ या प्रकारावर बेहद्द खूश झालं. आईलासुद्धा रांगता येतं, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तर अशी ही पंखवाली गाडी आज मैदानात उभी होती आणि महाराज तिला टेप लावत होते.

"प्लायवूड धरून मोजायचं का?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"श्रद्धेने ठोकलेलं सगळं धरून," महाराज म्हणाले. "गाडी मध्यम! ताईंना आज डंपरयोग आहे. बसवा वर."

केबिनचं दार काढून टाकलेलं होतं, गर्दीला दिसावं म्हणून. आत मखमलीने मढवलेली एक ऐसपैस खुर्ची होती. धाकटी बसली. तिचे पाय एका पायपट्टीवर टेकवण्यात आले आणि कमरेपासून खालपर्यंत जाड चादर पसरण्यात आली. "सुटणाऱ्या वजनाला वारा लागू नये म्हणून," महाराजांनी समजावलं. तिचा पट्टा काढला गेला. सासूबाई बाळाला कडेवर घेऊन केबिनच्या पायरीवर उभ्या राहिल्या.

"ताई, खांदे न हलवता मागे बघा. खांबावरचा बल्ब दिसतो?"

धाकटीने मान वळवली. कळ आली. खांबाची कड दिसली, बल्ब नाही.

"नाही दिसत."

"नाही दिसत!" महाराजांनी गर्दीला सांगितलं. गर्दी हळहळली. "कारण मध्ये व्हॅन उभी आहे! डोळे मिटा, ताई. उघडू नका, वजन डोळ्यांतून परत शिरतं."

डंपरचं इंजिन सुरू झालं. सगळी केबिन थडथडू लागली, दात वाजू लागले. भोंगा कोकलला. तेवढ्यात मागून एक चिमुकली गाडी संथपणे आली आणि डंपरला ढुप् करून टेकली. डंपरला ते कळलंसुद्धा नसेल.

"ये रे वजना, सोड मानेला! धर टायरला, जा भुईला!" महाराज गरजले. "उघडा डोळे! मागे बघा! लगेच!"

धाकटीने मान वळवली, आणि बल्ब दिसला. सबंध दिसला, खालच्या वायरीसकट.

खरं सांगायचं तर त्या क्षणी ती हरखली. दुकानातले काका, डॉक्टरीणबाई, सगळं विसरून ती म्हणाली, "दिसला! आई, दिसला! आता घेऊ मी बाळाला?"

टाळ्या पडल्या. महाराजांनी स्टिअरिंग सावकाश डावीकडे फिरवलं. "घाई नको. वाट मोकळी झाली, वजन अजून दारात आहे. दर आठवड्याला डंपरात बसायचं. बाळाचं मात्र, गाडी मध्यम असली तरी, वर्षानंतरच बघू."

धाकटीचा चेहरा उतरला. आणि बाळाने, ज्याला वजनात किंवा बल्बमध्ये काडीचा रस नव्हता, आजीच्या कडेवरून ओणवं होऊन समोरची चादर दोन्ही मुठींत धरली. चादर म्हटली की तिच्यामागे कुणीतरी लपलेलं असतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

"कुऽऽक!" म्हणत त्याने ती ओढली.

चादर घसरली आणि धाकटीचे गुडघे दिसू लागले. ते समोर, काचेकडे हवे होते. पण ते गर्दीकडे बघत होते. पायसुद्धा. पायपट्टीसुद्धा. दारात पाय सोडून गप्पा मारायला बसावं, तशी ती तिरकी बसलेली होती.

क्षणभर कुणालाच काही उमजलं नाही. मग धाकटीने हनुवटीवर हात ठेवला, खांद्यावर हात ठेवला, आणि तिला हसू फुटलं.

"अहो, माझी मान मघाशी वळली होती तेवढीच वळली आहे! मीच अख्खी वळले. खुर्चीसकट!"

"वजनाच्या ओढीने—" महाराजांनी सुरुवात केली.

"ही खुर्ची माझी आहे!" गर्दीतून आवाज आला. गळ्यात पट्टा घातलेले न्हावीदादा कमरेतून मागे वाकून बघत होते. "माझ्या सलूनमधली! भंगारात दिली होती. गोल फिरते ती!"

नवरा केबिनमध्ये चढला आणि त्याने खुर्चीमागचा पडदा ओढला. मागच्या सांदीत महाराजांचे मेव्हणे घडी घालून ठेवल्यासारखे पडलेले होते, हातात खुर्चीचा दांडा. इंजिन थडथडलं की डोळे मिटलेल्या माणसाला हळूच थोडं फिरवायचं, हे त्यांचं काम. त्यांना ओढून बाहेर काढलं तेव्हा त्यांची मान खांद्याला चिकटलेली होती आणि सरळ होत नव्हती.

"सकाळपासून आत आहे," ते कळवळून म्हणाले. "ताई, इस्पितळात त्या व्यायामवाल्या बाई असतात म्हणे, त्या कुठे बसतात?"

हशा पिकला. पण टपालमास्तर पुढे आले. त्यांना हसणं जमत नव्हतं. "थांबा. खुर्ची खोटी असेल. पण माझी मान खरोखर बरी झाली आहे. आणि ट्रकवाले? ते तर तिथल्या तिथे बरे होतात."

"काका, तुम्हाला धडक बसून किती दिवस झाले?" धाकटीने विचारलं.

"झाले की दोन-अडीच महिने."

"मग ती आपली आपणच बरी होत आली होती. शिवाय इथे पट्टा काढून मागे बघायला लावतात ना, तेवढी तरी ती हलली. मला डॉक्टरीणबाईंनी घरी फुकट तेच करायला सांगितलं होतं." धाकटी खुर्चीतूनच बोलत होती, तिरकी. "आणि ट्रकवाल्यांचं तुम्हीच बघितलंत आत्ता. ती चिमुकली गाडी डंपरला टेकली, डंपर हलला का? मोठ्या गाडीला लहान गाडी धडकली तर आतल्या माणसाला धक्काच कमी बसतो. ज्याला लागलंच नाही, तो लगेच नाचणार नाही तर काय करणार? धक्का किती बसतो त्यात गाडीच्या आकाराचा वाटा असतो, काका. पण एकदा लागलं की मान माणसाची असते. गाडीचं माप बघून ती बरी व्हायची थांबत नाही. तुम्ही शिड्या काढा त्या, पडाल कधीतरी."

महाराजांनी शेवटचा भोंगा वाजवून पाहिला. "लोकहो, ही बाई हट्टाने पोर उचलणार आणि मणका मोडून घेणार! मग माझ्याकडे येऊ नका!"

काही हात पुन्हा गळ्यातल्या पट्ट्यांकडे गेले. भीती जुनी होती, ती खुर्चीएवढ्या सहज उलगडत नव्हती. सगळ्यांनी पायरीवर उभ्या असलेल्या सासूबाईंकडे पाहिलं.

सासूबाईंनी महाराजांकडे पाहिलं, मेव्हण्यांच्या वाकड्या मानेकडे पाहिलं.

"उचललं तर मणका मोडेल म्हणता," त्या म्हणाल्या. "महिनाभर उचललं नाही तर काय मोडलं, ते मी रोज घरात बघितलंय. बघून न बघितल्यासारखं केलं. माझंच चुकलं गं, सूनबाई. त्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? नीट सांग. मला ऐकू दे एकदा."

"आधी बसून, मांडीवर."

"बसलेली आहेसच," सासूबाई म्हणाल्या आणि एक पायरी वर चढल्या.

भरल्या मैदानात शंभरेक पट्टेवाले कमरेतून मागे वाकून बघत होते. धाकटीने दोन्ही हात पुढे केले. बाळाने आजीकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. फार विचार केला. मग एक हात पुढे केला, थोडं थांबलं, आणि दुसराही केला.

मांडीवर ते जड लागलं. किती वाढलं होतं! मान दुखली थोडी, नाही असं नाही. व्हॅन मात्र कुठेच नव्हती. होतं ते एक गुबगुबीत वजन, तिच्या पदराचं टोक तोंडात घालणारं.

खाली टपालमास्तर मान बरी होऊनही महाराजांच्या सांगण्यावरून गळ्यात ठेवलेला पट्टा सोडून हातात घेऊन उभे होते. "आम्ही एवढी शिकलेली माणसं," ते म्हणाले, "आणि कुणी साधं विचारलंसुद्धा नाही."

"आता विचारा ना, काका," धाकटी म्हणाली. "कुणी बरं झालं असं सांगितलं की विचारायचं, त्याला मुळात लागलं किती होतं? काही न करता तो बरा झाला असता का? आणि जे बरे झाले नाहीत, ते कुठे आहेत, त्यांना कुणी पुढे का बोलावत नाही? एवढं विचारायला डॉक्टर व्हावं लागत नाही. आणि विचारलं म्हणून कुठला खरा डॉक्टर रागावत नाही. रागावला तर चादर ओढून बघा."