जलसिद्ध महाराज आणि वरच्या पाड्याची टाकी

पाइपाचं तोंड आधी खाकरलं, मग थुंकलं आणि मग टाकीत घळाघळा पाणी पडू लागलं. पोशेऱ्याजवळच्या टेकडीवरचा अख्खा वरचा पाडा टाकीभोवती जमला होता. बायांनी हात जोडले, म्हाताऱ्यांनी जमिनीला डोकं टेकलं. कठड्यावर भगव्या लुंगीतले जलसिद्ध महाराज डोळे मिटून गरजत होते, "ऊठ जलमाते! पाताळ सोड! बंधन तोड!" यमक जुळलं की ते जरा थांबत, लोकांना 'जय' म्हणायला सवड मिळावी म्हणून.

मला त्या माणसाचा पहिल्या नजरेतच तिटकारा आला. मी जव्हारला पंपांचं काम करतो. दरीतल्या विहिरीवरचा पंप दिवसभर चालतो, तरी वर पाणी चढत नाही, म्हणून पाड्याच्या पांड्यानं मला मोठ्या पंपासाठी बोलावलं होतं. येऊन बघतो तर माझ्या आधीच हे महाराज नागलीची पोती आणि कोंबडे गोळा करून बसलेले.

आरती संपली. हंडे भरू लागले. सगळ्यात शेवटी फागी नावाची एक म्हातारी विधवा हंडा घेऊन पुढं आली आणि धार बारीक झाली. मग थेंब. मग तेही नाही.

महाराजांनी एक डोळा उघडला. "पाहिलंत? ही आली, माता परतली! भुताळी आहे ही, चेटकीण! दिवस मावळायच्या आत हिला शिवेबाहेर काढा, नाहीतर विहीरही आटेल!"

पांड्या पुढं झाला. तो फागीच्या नवऱ्याचा सख्खा पुतण्या. "काकी, सामान बांध. रोज हेच होते. पोरांना पानी पायजे."

"पांड्या, तुला खांद्यावर खेळवला रे मी. आता कुठं जाऊ?"

पांड्यानं तिचा रिकामा हंडा उचलून बाजूला ठेवला. माझं डोकं सणकलं.

"थांबा," मी म्हणालो. "दिवस मावळायला वेळ आहे. आधी मला पाइप बघू द्या."

महाराज हसले. "यंत्रवाले! यंत्रानं कृपा चढत नाही."

"मला पाणीच चढवायचंय. कृपा तुम्ही ठेवून घ्या."

मी पाइपाच्या कडेकडेनं उतरू लागलो. विहिरीपासून टाकी साठेक मीटर उंच. पण पंपाला फक्त उंचीशी झगडावं लागत नाही. अरुंद, लांब पाइपाला पाणी घासत जातं, त्या घर्षणात आणखी वीसेक मीटर उंची चढण्याइतका जोर जातो. म्हणजे ऐंशीची तयारी हवी. याला आम्ही हेड म्हणतो. मी हिशेब पुन्हा मांडला. पंप तेवढ्याला पुरत होता! मग जोर जातो कुठं?

उतारावर मध्येच खालचा पाडा लागला आणि उत्तर समोर दिसलं. वर चढणाऱ्या पाइपालाच अंगणाअंगणात तोट्या जोडलेल्या, आणि सगळ्या धो धो वाहत होत्या. कविता नावाची बाई भांडी घासत होती.

"ही तोटी कायम चालू असते का?"

"पंप चालू असला का चालू. महाराज बसले का मात्र बंद."

"का बरं?"

"देव बसला का पान्याला हात लावू नये, आमची रीतच हाय ती. आन त्यांचा चेला फिरतो ना थाळी वाजवत. तोटी उघडी दिसली तर रगत ओकशील, बोलतो."

मी कपाळावर हात मारला. वरच्या टाकीत पाणी आणत होती ती खालच्या पाड्याची रीत, आणि तिच्यावर कोंबडे खात होता हा लबाड!

वर काय चाललंय ते मी कविताला सांगितलं. "आता महाराज पुन्हा बसतील. तेव्हा तोट्या उघड्याच ठेवायच्या. मी वरून टॉवेल हलवला की बंद करायच्या, पुन्हा हलवला की उघडायच्या. जमेल?"

ती घाबरली. पदराशी चाळा करत म्हणाली, "फागी आजीनं माझं बाळंतपण केलं. ओकले रगत तर ओकले. सांगते मी सगळ्यांना."

वर येऊन मी महाराजांना हात जोडले. "एकदा आणा माता. मी बघतो."

महाराजांनी चेल्याकडे पाहिलं. चेला थाळी घेऊन उताराकडे निघाला. मी त्याचं मनगट धरलं. "तू इथंच बस. माता मंत्रानं येते ना? मग थाळी कशाला?"

महाराज गरजले. घसा बसेपर्यंत गरजले. पाताळ सुटेना, बंधन तुटेना. शेवटी घाम पुसत फागीकडे बोट केलं, "हिची सावली!"

"बरं. मग आता महाराज तोंड मिटतील, आणि आजी पाइपाखाली हात धरून बसतील."

फागी ओंजळ धरून बसली. मी टॉवेल हलवला. थोड्या वेळानं पाइप खाकरला आणि तिच्या सुरकुतलेल्या ओंजळीत पाणी कोसळलं. बाया किंचाळल्याच. मी पुन्हा टॉवेल हलवला, खाली तोट्या उघडल्या, धार आटली. परत हलवला, परत पाणी.

"माझा मघाचा मंत्र..." महाराज पुटपुटले.

"उशिरा पोचला का?" मी विचारलं. पोरं खदखदून हसली.

मग मी बोललो, चांगलाच चिडून बोललो. "खाली तोट्या उघडल्या की पाइपातून जास्त पाणी धावतं. वेग दुप्पट झाला की घर्षण चौपट! पंपाचा जोर खालच्या पाड्याशीच संपतो, वर चढायला उरतच नाही. तोट्या बंद केल्या की घर्षण कमी, पाणी वर. बस, एवढीच जलमाता. आणि फागी आजी आली की पाणी का जातं? तुम्हीच तिला सगळ्यांच्या मागं उभी करता म्हणून! तोवर आरती संपलेली असते, खाली तोट्या उघडलेल्या असतात. तिच्या जागी मी उभा राहिलो असतो तर मीही भुताळा ठरलो असतो. एका म्हातारीचं घर मोडायला निघालात, आणि पाइपावरून एक चक्कर मारावीशी कुणालाच वाटली नाही?"

महाराज लुंगी सावरत निघाले, पण पांड्यानं त्यांच्या मोटारसायकलची चावी काढून घेतली. पोलीस आले. बाईला भुताळी ठरवणं हा जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, फिर्याद फागीनं स्वतः दिली. दोन्ही पाड्यांनी बसून पाण्याच्या वेळा वाटून घेतल्या, सकाळी वर, दुपारी खाली. मोठा पंप लागलाच नाही. माणसांनो, पाणी अडलं तर उंची मोजा, पाइप बघा, तोट्या बघा. बाईमाणसाच्या पायगुणानं पाइपातलं पाणी अडत नाही आणि मंत्रानं चढत नाही.

दुसऱ्या सकाळी टाकी भरली, तेव्हा पांड्या मान खाली घालून म्हणाला, "काकी, आजपास्नं पहिला हंडा तुझा."

"नको," फागी म्हणाली. "पहिली उभी केलीस तर उद्या बोलशील, काकीच्या पायानं पानी आला. मंग एक दिस पंप बिघडला का परत माझंच घर मोडायला येशील. मी आली तवा जिथं जागा असंल, तिथं उभी राहीन."

आणि ती रांगेत माघ्याच्या सुनेच्या मागं, चैतीच्या पुढं जाऊन उभी राहिली.