रंगाखालची चीर

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे. पण मला चार पाय नाहीत, दहा चाकं आहेत आणि चाऱ्याऐवजी मी डिझेल पितो. लांबलचक ट्रेलर ओढणारी जी पुढची गाडी असते ना, तिला ड्रायव्हर मंडळी 'घोडा' म्हणतात. वर्धा-नागपूर रस्त्यावर सेलूच्या आसपास तुम्ही मला पाहिलंही असेल. विटकरी रंगाची केबिन आणि मागे चाळीस फुटी ट्रेलर, तो मीच.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा एका कामगाराने कागदावर बरोबरची खूण केली आणि तो पुढच्या गाडीकडे गेला. तेवढ्या खुणेनेही मला फार बरं वाटलं होतं.

पुढची नऊ वर्षं मी एका मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे लोखंडी पत्र्याच्या गुंडाळ्या वाहिल्या. "ही गाडी कधी रस्त्यात उभी राहत नाही," असं माझं कौतुक व्हायचं. म्हणूनच की काय, माझ्यावर नेहमी जरा जास्तच माल चढायचा. एकदा ट्रेलर ज्या लोखंडी ताटलीवर टेकतो, तिच्याजवळ माझ्या चेसिसला चीर गेली. रस्त्याकडेच्या माणसाने तासाभरात वरून वेल्डिंग थापलं, त्यावर काळा रंग मारला आणि मी पुन्हा कामाला लागलो. काही महिन्यांनी मला विकून टाकलं, पण चिरेची गोष्ट कुणी कुणाला सांगितली नाही.

मग मी जुन्या गाड्या विकणाऱ्या वासुदेवरावांच्या आवारात उभा राहिलो. अकरा महिने! बॅटरी उतरली, आरशावर कोळ्याने जाळं विणलं. गिऱ्हाइकं यायची, माझ्या टायरला लाथ मारून बघायची आणि शेजारच्या पांढऱ्या घोड्याकडे वळायची. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान, आत गारेगार एसी आणि मऊ सीट. मी त्यांना दोष देत नाही.

अशात एके दुपारी सेलूचा लहानू आला. सोबत बायको धुरपता आणि मुलगी काजल. बावीस वर्षं लहानूने दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या होत्या. काजलचा दहावीचा निकाल लागला तेव्हा तो विजयवाड्यात माल उतरवण्याची वाट बघत बसला होता, कारण मालकाने सुट्टी दिली नव्हती. आता त्याला स्वतःची गाडी हवी होती. हिंगणघाटच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी दक्षिणेच्या गिरण्यांना न्यायच्या, असं त्याने ठरवलं होतं.

वासुदेवरावांनी पांढऱ्या घोड्याचं दार उघडलं. "लहानूभाऊ, बसून तर पाहा. एका सेल्फमध्ये चालू होते."

लहानूने दहा वेळा क्लच दाबून पाहिला. मग तो माझ्यात चढला. माझा क्लच जड होता. उतरताना त्याने गुडघा धरला, ते धुरपताने बरोबर पाहिलं.

"काजलचे बाबा, पांढरीच घ्या," ती म्हणाली. "बावीस वर्सं पाय झिजवला. आता तरी आरामात बसा."

लहानूचंही मन पांढऱ्यावरच बसलं होतं. पण त्याने सहज इंजिनला हात लावला आणि थबकला.

"वासुदेवराव, हे त गरम हाय. आमी यायच्या अगोदर तुमी चालू केलती काय?"

"जरा बॅटरीसाठी हो!"

"मंग उद्या सकाळी येतो. आमी येईपर्यंत कोनाले हात लावू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी फाटक उघडताना ते तिघं बाहेर उभेच होते. थंड इंजिनाने पांढरा घोडा चौथ्या सेल्फला सुरू झाला आणि निळ्या धुराने आवार भरून गेलं. धुरपताने पदर नाकाला लावला.

"काऊन हो असा धूर?"

"ऑइल जाळून राह्यली," लहानू हळूच म्हणाला. त्याचं तोंड उतरलं होतं.

मग दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून मला चालू केलं. मी एकदा काळं खोकलो आणि एका लयीत चालू लागलो. लहानू कान देऊन ऐकत राहिला. तोवर काजल टॉर्च घेऊन माझ्या खाली शिरली होती. काजल चोवीस वर्षांची. ती आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकली होती आणि देवळीत नत्थूभाऊंच्या वर्कशॉपमध्ये ती ट्रेलरच्या बॉड्या जोडायची.

मित्रांनो, त्या वेळी माझ्या मनात दोन गोष्टी एकदमच होत्या. तिला चीर दिसली तर मला कुणी घेणार नाही, ही भीती होती. आणि न दिसली तर भरल्या गाडीसकट हा भला माणूस एखाद्या उतारावर माझ्यामुळे जाईल, ही त्याहून मोठी भीती होती. मला बोलता येत असतं तर मीच सांगितलं असतं.

"बाबा, इकडं या," काजल खालून म्हणाली. "इथला रंग जरा जास्तच काळा दिसून राह्यला."

तिने पातं घेऊन रंग खरवडला. "चीर हाय. वरून नुसती थापली हाय कोनं तरी."

वासुदेवराव गोरेमोरे झाले. "मला खरंच ठाऊक नव्हतं," ते म्हणाले, आणि ते खरंही होतं.

"चला घरी," धुरपता म्हणाली. "अशा गाडीत मी तुमाले बसू देनार नाई."

"आई, थांब ना." काजल हात पुसत बाहेर आली. "हे दुरुस्त होते. चीर कुठून कुठवर गेली, ते मले दिसून राह्यलं. पांढरीच्या इंजिनात काय झालं, ते इथं कोन सांगते? अन् ते बंद पडली त तिचं कंप्युटरचं इंजिन बघाले नागपूरहून लॅपटॉपवाला बोलवा लागन. हिचं सामान त पुलगावातही भेटते."

लहानूने माझ्याभोवती एक फेरी मारली. मग त्याने लेकीकडे पाहिलं. "तू करशीन?"

काजल वाकून पुन्हा एकदा चीर बघून आली. "करन," ती शेवटी म्हणाली. "पण घाई नाई करायची."

सौदा ठरला आणि मला ओढत देवळीला नेलं. नत्थूभाऊंनी चीर पाहिली आणि मान हलवली. "पोरी, बापाची गाडी हाय. हात थरथरन. आन इकडं, मी करतो."

"थरथरला त थांबन, काका," काजल म्हणाली.

आणि ती खरंच दोनदा थांबली. जुनं वेल्डिंग घासून काढायलाच दोन दिवस गेले. चीर पुढे पळू नये म्हणून तिने चिरेच्या दोन्ही टोकांना छिद्रं पाडली, मग थोडं थोडं करत जोड भरला आणि वरून जाड पट्टी बोल्टांनी आवळली. लहानू बाहेर लिंबाखाली बसून होता. एकदाही आत डोकावला नाही. नत्थूभाऊंनी क्लचचा बूस्टर बदलला आणि माझा क्लच हलका झाला. तो दाबून पाहताना धुरपता पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. तिने समोरच्या काचेजवळ बुद्धाची छोटी मूर्ती ठेवली आणि आडवं होऊन झोपायची फळीही मोजून पाहिली. लहानूला पाय लांब करता येत होते.

पहिल्याच खेपेला तेलंगणातल्या निर्मलच्या घाटात परीक्षा झाली. भर दुपार, खाली उतार, मागे गाठींनी भरलेला ट्रेलर. वळणावर पुढचा टिप्पर अचानक उभा राहिला. लहानूने ब्रेक मारला. मागचं सगळं वजन त्या जोडावर येऊन आदळलं. माझं अंग करकरलं. पण काही सुटलं नाही, आणि टिप्परपासून चार हातांवर आम्ही थांबलो.

घाट उतरल्यावर लहानूने गाडी कडेला घेतली, माझ्या खाली सरपटत गेला आणि जोडावरून अंगठा फिरवला. मग तिथेच पडल्या पडल्या त्याने फोन लावला.

"काजल, जेवली काय?"

"बाबा, काय झालं?"

"काई नाई. उगाच लावला." त्याचा अंगठा अजून जोडावरच होता. "चांगलं काम केलं पोरी तू."

याला आता तीन वर्षं झाली. लहानू स्वतःच्या मर्जीने सुट्टी घेतो. जास्तीचा माल नाकारतो. धुरपता मला पांढरीपेक्षा देखणा म्हणते, हे काही खरं नाही, पण मी ऐकून घेतो. एवढ्या प्रेमाने मला याआधी कुणी वागवलं नव्हतं. वासुदेवरावांचेही मी आभार मानतो. काजल खाली शिरली तेव्हा त्यांनी तिला अडवलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी सायकल असेल, शिलाई मशीन असेल, शेतावरचा पंप असेल. त्यांना वरून पुसता ते चांगलंच आहे. पण अधूनमधून वाकून खालूनही बघत जा. आम्हाला दुखलेलं सांगता येत नाही. आणि काही सापडलं तर त्यावर नुसता रंग मारू नका.

उद्या पहाटे आम्हाला गाठी भरायला निघायचं आहे. काजल हातोडी घेऊन माझ्या खाली शिरली आहे. प्रत्येक खेपेआधी ती एकेक बोल्ट ठोकून त्याचा आवाज ऐकते. तिला नीट ऐकू यायला हवं. म्हणून आता मी गप्प बसतो.