प्रतीक्षा यादीत दुसरी

सासूबाईंना जाऊन महिना झाला होता, तरी दर दोन तासांनी वहिनीचे पाय आपोआप त्यांच्या खोलीकडे वळायचे. गल्लीत सगळे तिला वहिनीच म्हणत. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सासूचं तिने तीन वर्षं एकटीने केलं. कूस बदलणं, अंग पुसणं, लघवीची नळी बघणं. आता खाट दुमडून भिंतीला टेकवलेली आणि हातांना काही कामच नाही. सकाळी आवरलेलं कपाट ती दुपारी पुन्हा उपसायची.

"काय वारं शिरलंय अंगात?" नवरा म्हणायचा. "टेक की जरा एका जागी."

"टेकवत नाही हो."

दर महिन्याला नळी बदलायला घरी येणाऱ्या सिस्टर एकदा रस्त्यात भेटल्या. त्यांनीच विषय काढला. सहायक परिचारिकेचा दीड वर्षाचा कोर्स असतो, दहावी पास चालतं. "पण दिसेल तिथे नाव घालू नका. दोन गोष्टी आधी विचारायच्या. सरकारी मान्यता आहे का, आणि काम शिकायला कुठल्या रुग्णालयात पाठवता."

पहिली संस्था मोबाइलच्या दुकानावर दोन खोल्यांत निघाली. भिंतीवर पांढऱ्या गणवेशातल्या मुलींचे सहा फोटो, नीट बघितलं तर मुलगी एकच. टेबलामागचा माणूस भलताच गोडबोल्या. "ताई, आजच नाव घाला, उद्या जागा मिळायची नाही."

"मान्यता आहे?"

"येतेय, आलीच समजा."

"आणि रुग्णालय कुठलं?"

"ते मागाहून बघू. आधी फॉर्म तर भरा."

"मग फॉर्मचंही मागाहूनच बघू," म्हणत वहिनी जिना उतरली.

दुसरी संस्था खरी होती, रुग्णालयाच्या आवारातच; पण दोन बस बदलून जावं लागे. माहितीपत्रकातली वयाची अट तिने दोनदा वाचली. पस्तीस पूर्ण झालेली नसावीत. तिला चार महिने उरले होते. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. त्यात शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, ओळखपत्र सासरच्या. विवाह नोंदणीच्या दाखल्याने ते जुळलं, पण शाळेच्या दाखल्याची नक्कल आणायला गेली, तर कारकून जेवायला गेलेला. दुसऱ्या दिवशी रजेवर. तिसऱ्या दिवशी तिने त्याला फाटकातच गाठलं आणि शिक्का मारून घेतल्याशिवाय सोडलं नाही.

मुलाखतीच्या खोलीत खाटेवर एक रबरी पुतळा झोपवलेला होता. मुख्य शिक्षिका म्हणाल्या, "यांची डावी बाजू लुळी आहे. कूस बदला."

वहिनीला हायसं वाटलं. हे तर तिने डोळे मिटून केलं असतं. "आजी, कूस बदलू या हं," म्हणत तिने पुतळ्याचा डावा हात धरला आणि ओढला.

"थांबा. लुळा हात असा ओढलात तर खांदा निखळतो."

वहिनीने हात सोडला. ती म्हणाली, "सासूबाई रोज सांगायच्या, खांदा दुखतोय म्हणून. मी म्हणायचे, आई, किती कुरकुर करता."

शिक्षिकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

यादी लागली. वहिनी प्रतीक्षा यादीत दुसरी.

"दुसरी म्हणजे हाताशीच आलं की," नवरा म्हणाला.

"बाबा, दुसरी म्हणजे बाहेर," नववीतली लेक म्हणाली.

वहिनीने ताट बाजूला सारलं. ती अंगणात जायची, परत यायची, फोन उचलून बघायची. पण जागेपेक्षा तो खांदाच तिला जास्त खात होता. चौथ्या दिवशी तिने पुन्हा दोन बस पकडल्या.

"यादी अजून हललेली नाही," शिक्षिका म्हणाल्या.

"यादीसाठी नाही आले. ते बरोबर कसं करायचं, तेवढं दाखवा."

शिक्षिका चष्मा काढून उठल्या. "लांबचा हात छातीवर आडवा ठेवा. आता त्या बाजूचा गुडघा वाकवा. एक तळवा खांद्यामागे, दुसरा कमरेमागे. आणि सावकाश आपल्याकडे वळवा."

पुतळा अलगद वळला. वहिनीला रडू फुटलं. "एवढंच होतं?"

"तुम्हाला कुणी दाखवलं होतं का?"

"नाही."

"मग किती दिवस स्वतःला बोल लावणार? जा घरी. जागेचं मात्र मी काही सांगू शकत नाही. वरच्या मुलींना गुण जास्त आहेत, खोटं कशाला बोलू."

वर्ग सुरू व्हायच्या दिवशी सकाळी नऊला संस्थेतून फोन आला. दोन मुली आल्याच नव्हत्या. "प्रतीक्षा यादीतली पहिली येऊन बसलीसुद्धा. तुम्ही अकरापर्यंत मूळ कागद घेऊन पोहोचाल?"

वहिनी नुकतीच न्हाऊन आली होती. ओल्या केसांनीच ती नवऱ्याच्या स्कूटरवर बसली. "धर नीट," तो प्रत्येक वळणावर ओरडत होता, "नाहीतर पेशंट म्हणूनच भरती व्हावं लागेल."

अकराला दहा कमी असताना तिची सही झाली. ती वर्गात शिरली तशी मागच्या बाकावरच्या एका पोरीने घाईघाईने उभं राहून सांगितलं, "बाई, फळा पुसून ठेवलाय."

"अगं, मी कुठली बाई! तुझ्याच वर्गातली आहे," वहिनी तिच्या शेजारी सरकत म्हणाली. "जास्तीचं पेन आहे का गं एखादं? गडबडीत माझं घरी राहिलं."