विस्थापित बिंदू

"प्रकल्पक्षेत्रात सारस पक्ष्याचे घरटे अस्तित्वात नव्हते, आणि असल्यास, स्थानिक मच्छीमार संस्थेच्या सभासदांनी ते नष्ट केले आहे."

डॉ. अनुप देशकर यांच्या सल्लागार संस्थेने जिल्हा समितीला सादर केलेल्या अहवालातले हे वाक्य. मराठी गद्यात स्वल्पविरामाने एवढे ओझे क्वचितच वाहिले असेल. त्याच्या अलीकडे घरटे नाही आणि पलीकडे ते मोडल्याचा गुन्हा आहे. आपल्या तर्कपरंपरेने अस्तित्वात नसलेल्या वस्तूचा दाखला म्हणून सशाचे शिंग शतकानुशतके वापरले. ते शिंग कोळ्यांनी चोरल्याची तक्रार मात्र आजवर कोणी केली नव्हती.

पुढच्याच परिच्छेदात अहवाल सांगतो की, सारस हा "मुळात गोंदिया जिल्ह्याचा पक्षी" आहे. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा तालुके वाटले गेले, दप्तरे वाटली गेली, कर्मचारी वाटले गेले. सारसही त्या वाटणीत तिकडे गेले, असे डॉ. देशकरांचे मत दिसते. वस्तुस्थिती एवढीच की, वाटणीपूर्वीच्या पक्षीनोंदींवर फक्त 'भंडारा जिल्हा' असे लिहिलेले असे आणि नंतर कोणीतरी सोयीसाठी त्या साऱ्या नव्या जिल्ह्याच्या खात्यात ढकलल्या. सिहोऱ्याजवळच्या चांदटोल्याचा जोडा तुमसर तालुक्यात घरटे करतो, वैनगंगा ओलांडून गोंदियातल्या धानाच्या बांध्यांत चरतो आणि सायंकाळी परत येतो. सीमानिश्चितीची अधिसूचना त्याने वाचलेली नाही. डॉ. देशकरांनी वाचली आहे. त्यांनी पक्षी पाहिलेला नाही.

मी रत्नमाला गजभिये, राहणार वरठी. जैवविविधता संवर्धनाचे काम करणाऱ्या एका संस्थेत अवकाशीय माहितीची विश्लेषक आहे. म्हणजे कोणता जीव नेमका कुठे राहतो, कुठे चरतो आणि माणसाने तिथे काही उभारले तर तो कुठे जाईल, हे नकाशावर मांडणे हा माझा व्यवसाय आहे. या व्यवसायात बिंदू चुकीच्या जागी पडणे हा सर्वात मोठा दोष मानला जातो. घरटे नसलेल्या जागी बिंदू टाकला म्हणून अहवालाने तोच दोष माझ्यावरही ठेवला होता.

चांदटोल्यात पाण्याच्या दोन बोड्या, म्हणजे लहान तलाव, आहेत. मोठी रायबोडी: तिच्या उथळ कडेला देवधान हे जंगली भाताचे गवत माजते आणि त्यात सारस घरटे करतात. धाकटी खातबोडी: ती बेशरमाच्या झुडपांनी गच्च भरलेली, तिच्यात मासाही धड फिरत नाही. दोन्ही बोड्यांचा ठेका गावातल्या मच्छीमार संस्थेकडे, आणि दोन्हींवर एका कंपनीला तरंगते सोलर पॅनेल पसरायचे होते; डॉ. देशकरांच्या अहवालाचे पैसेही तीच देत होती. घरटे सिद्ध झाले तर प्रकल्प थांबणार होता. घरटे नाही असे ठरले तर प्रकल्प होणार होता. मच्छीमारांनी ते मोडले असे ठरले तर त्यांचा ठेका रद्द होऊन प्रकल्प अधिकच निर्वेधपणे होणार होता. स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंचे रस्ते एकाच फाटकाशी जात होते. तेव्हा वाक्य वाटते तितके मूर्ख नव्हते.

आदल्या वर्षी दुसऱ्या एका गावातल्या घरट्याचे अचूक अक्षांश-रेखांश आम्ही नियमाप्रमाणे याच सल्लागार संस्थेला 'पडताळणीसाठी' दिले होते. आठवड्याभरात तिथले गवत बुडापासून कापले गेले, अंडी नाहीशी झाली आणि अहवालात लिहून आले: 'घरटे आढळले नाही.' वाक्य खरे होते. पुरावा आमच्याकडे काहीच नव्हता. पक्षी साक्ष देत नाहीत, आणि गवत कोणी कापले हे गवत सांगत नाही.

म्हणून या वर्षी, धानाची रोवणी आटोपल्यावर, मी रायबोडीच्या मातीच्या पाळीवर मच्छीमार संस्थेच्या अध्यक्ष भागीरथाबाई मारबते यांच्याजवळ बसले. समोर देवधानात मादी अंड्यांवर होती. नर मान उंच करून आमच्याकडे पाहत होता, जणू बैठकीचे अध्यक्षपद त्याच्याकडेच होते.

"यंदा पण थ्याच साहेबाले ठिपका द्या लागते?" भागीरथाबाईंनी विचारले.

"द्यावा लागतो, मावशी. पण अशा पाखरांचा ठिकाणा थोडा हलवून द्यायची आमच्या कामात पद्धत आहे. सगळ्या जगात तसंच करतात. किती हलवायचा आणि कुठं, ते मी ठरवू शकते."

"मंग कायले इचार करून राहिल्या? तिकडं टाका." त्यांनी हनुवटीने खातबोडी दाखवली. "थ्या बेशरमात सापही ऱ्हायत नाही."

"आणि कोणी तिथं येऊन तोडफोड केली तर? तुमचं नुकसान."

"नुकसान?" त्यांनी पदराने तोंड पुसले. "थे बेशरम काढून द्या म्हणून अर्ज देऊ देऊ आमच्या संस्थेचा शिक्का झिजला, बाई. फुकटात कोणी काढून देत असन तं त्याले मी चाय पाजीन." मग त्या म्हणाल्या, "पण हे खोटं तं नाही होत ना? उद्या तुमच्यावरच यायचं."

"ठिपका हलवलेला आहे, असं सोबत स्पष्ट लिहून देणार आहे."

"मंग वाचतीन ना थे."

"नाही वाचणार."

"काहून?"

"नकाशासोबतच्या माहितीपत्रात असतं ते. नकाशा मागणारे माहितीपत्र उघडत नाहीत."

भागीरथाबाई हसल्या. "असं. आमच्या अर्जासारखंच मंग."

फाइल गेली. माहितीपत्रात लिहिले होते: 'संवेदनशील प्रजाती. स्थान हेतुतः विस्थापित. प्रत्येक प्रतीतील बिंदू भिन्न. प्रत्यक्ष घरटे पाहण्यासाठी संस्थेशी संपर्क साधावा, आम्ही सोबत नेऊ.' समितीच्या प्रतीतला बिंदू बांधावरच्या एका मोहाच्या झाडाखाली पडला होता. खातबोडीच्या मधोमध पडलेला बिंदू जगात फक्त एकाच प्रतीत होता, आणि ती प्रत डॉ. देशकरांकडे होती. संपर्क कोणीही साधला नाही.

पोळ्याच्या आसपास भागीरथाबाईंचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या ठिपक्यावर माणसं उतरले."

"कोण आहेत?"

"बाहेरचे आहेत, गाडी घेऊन आले. इचारलं तं म्हणतेत पंचायतीनं धाडलं. सरपंच म्हणते, मले का मालूम. खातबोडी साफ करून राहिले, मॅडम. इतकी साफ तं माह्या लग्नातही नव्हती."

"आणि सारस?"

"रायबोडीतून दोघंही बोंबलून राहिले. साऱ्या टोल्याले आयकू येते. थ्या माणसाईनं एकदाही मान वर करून नाही पाह्यलं." मग गंभीरपणे: "चाय देल्ली मी त्याईले. शब्दाची पक्की आहो."

या प्रसंगाचा मी पुष्कळ विचार केला आहे. दीड-दोन मीटर उंचीचे, मैलभर ऐकू जाणाऱ्या आवाजाचे दोन पक्षी शेजारच्या पाण्यात उभे राहून आपला पत्ता ओरडून सांगत होते, आणि त्यांचे घरटे मोडायला आलेली माणसे हातातल्या मोबाइलवरच्या बिंदूखाली त्यांना शोधत होती. सारस बेशरमाच्या झुडपात घरटे करत नाही, हे पक्ष्यांविषयीचे कोणतेही शालेय पुस्तक सांगते. पण नकाशावर बिंदू होता, आणि बिंदू सुशिक्षित माणसाने पाठवला होता. माझ्या विद्याशाखेवरचा एवढा गाढ विश्वास मी विद्यापीठातही पाहिला नव्हता.

सुनावणी दिवाळीआधी भंडाऱ्याला झाली. डॉ. देशकरांनी पडद्यावर दोन उपग्रहचित्रे दाखवली: खातबोडी हिरवी, खातबोडी उघडी. ते उत्तम बोलतात. "शास्त्र भावनेवर चालत नाही," असे ते म्हणाले, आणि पांढऱ्या लुगड्यातल्या भागीरथाबाईंकडे हात करून पुढे म्हणाले, "यांना जाळी टाकायला झुडपांची अडचण होती. हेतू यांचाच आहे."

"साहेब," भागीरथाबाई उठून म्हणाल्या, "घरटं नव्हतंच असं तुमीच लिवलं ना? मंग म्या मोडलं का? तुमचं लिवलेलं?"

मागच्या बाकांवर हशा झाला. समितीच्या अध्यक्ष असलेल्या उपजिल्हाधिकारी बाईंनी पेन टेबलावर आपटले आणि मला बोलायला सांगितले.

मी डॉ. देशकरांना विचारले, "जिथली झुडपं तोडली गेली, ती जागा आम्ही आपल्याला दिलेल्या बिंदूशी जुळते का?"

"तंतोतंत. मीटरभराचाही फरक नाही. त्यावरूनच सिद्ध होतं की—"

"धन्यवाद. समितीच्या प्रतीतला बिंदू कुठे आहे, ते अध्यक्षांनी कृपया पाहावं. आणि दोन्ही प्रतींसोबतचं माहितीपत्र."

बाईंनी ते उघडले. त्यांनी ते आधी मनात वाचले, मग मोठ्याने. 'हेतुतः विस्थापित' या शब्दांपाशी त्यांचा आवाज किंचित मंदावला. पुढचे 'प्रत्येक प्रतीतील बिंदू भिन्न' त्यांनी दोनदा वाचले.

"म्हणजे बिंदू तुम्ही हलवलात?"

"होय. मी हलवला, कुठे जाईल ते विचारपूर्वक ठरवून हलवला आणि तसं लिहून दिलं. पुढच्या वर्षीही हलवीन. ज्याला घरटं पाहायचं आहे त्याला चिखलातून चालत नेऊन दाखवीन. ज्याला ते फक्त सापडायला हवं आहे, त्याला माझ्याकडून कधीही सापडणार नाही. खातबोडीत घरटं नव्हतं, मॅडम. यंदाही नाही, कधीच नाही. मच्छीमारांनी ते मोडलं नाही, कारण तिथे मोडायला काही नव्हतं. घरटं रायबोडीत होतं." मी पडद्यावर त्याच सकाळी पाळीवरून काढलेले छायाचित्र लावले: दोन करडे पक्षी, आणि त्यांच्या पायांमध्ये मातकट रंगाचे, उंच आणि बेढब झालेले एक पिल्लू.

डॉ. देशकर उभे राहिले. राग खरा होता, हे मी मान्य करते. फसवणुकीची चीड फसवणाऱ्याइतकी प्रामाणिकपणे कोणालाही येत नाही.

"हा शासनाचा विश्वासघात आहे. यांच्यावर कारवाई झाली पाहिजे. आमच्या संस्थेला नुकसानभरपाई मिळाली पाहिजे."

"मिळेल," अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या. "नेमकं नुकसान काय झालं, तेवढं नोंदवा, डॉक्टर." आणि शेजारच्या लिपिकाला: "शब्दशः लिहा."

डॉ. देशकरांनी सांगितले. शेजारी बसलेल्या त्यांच्या वकिलाने त्यांच्या कोटाची बाही ओढली, पण ती दोनदा ओढली जाईपर्यंत वाक्य पूर्ण झाले होते. भागीरथाबाईंनी माझ्या कानाशी वाकून विचारले, "चायचं नाव नाही घेतलं का हो यानं?" नव्हते घेतले. समितीच्या इतिवृत्तात त्यांचे उत्तर आहे ते असे:

"या बाईंच्या खोट्या बिंदूपायी माझी माणसं दोन दिवस कमरेभर चिखलात उभी राहून ती झुडपं तोडत होती, आणि तिथे एक अंडंसुद्धा नव्हतं."