डावीकडची वेणी आधी

कितिओने गेला तेव्हा कुठे मला त्याच्याजवळ बसायला मिळालं.

आमच्याकडे भाऊ-बहीण वयात आले की एका छपराखाली बसत नाहीत. मला न्हाण आलं आणि कितिओनेचं अंथरूण मागच्या झोपडीत गेलं. तेव्हापासून तो ज्या खोलीत असेल तिथे मी गेले नाही, आणि मी कुठे शिरले की तो दुसऱ्या दाराने बाहेर पडायचा. यात राग नव्हता, मान होता. बहिणीचा मान भावापेक्षा मोठा. दरवर्षी त्याच्या वाडीतलं पहिलं कोनफळ माझ्या उंबऱ्यावर यायचं, माती झटकून, केळीच्या पानावर ठेवलेलं. कोनफळ यायचं, भाऊ यायचा नाही. त्याने मला इतका मान दिला की मला त्याची ओळखच राहिली नाही.

परवा सकाळी होडी वाळूवर ओढताना त्याच्या छातीत कळ आली आणि तो तिथेच बसला. बसला तो बसलाच.

आता तो चटयांच्या उंच ढिगावर झोपला होता आणि मी त्याच्या डोक्याशी बसले होते, फाहू म्हणून. माणूस गेला की त्याची बहीण फाहू होते. ती उशाशी बसते, आलेल्या चटया आणि झाडाच्या सालीची कापडं तिच्यासमोर ठेवली जातात, काय कुणाला द्यायचं ते ती ठरवते आणि तिच्या शब्दापुढे कुणी जात नाही, पाद्रीसुद्धा नाही. मेलेल्याची मुलं मात्र त्या दिवशी सगळ्यांत खालची. त्यांनी फाटक्या चटया कमरेला गुंडाळून, केस मोकळे सोडून, मागे भट्टीच्या धुरात राबायचं. आणि पुरायच्या आधी फाहूने त्यांचे केस कापायचे.

खरं तर ती जागा माझी नव्हती. सिउतिती ताई, आमची थोरली, तीच आमच्या घरात सगळीकडे फाहू. पण ताई असते ऑकलंडला, आणि वाऱ्यामुळे आमच्या बेटावर येणारं छोटं विमान अडकून पडलं. थांब म्हटलं म्हणून मढं काही थांबत नाही. म्हणून तोकिलुपेला बसवलं. तोकिलुपे म्हणजे मी. दुसरी कुणी नव्हती म्हणून.

मला रडू येत नव्हतं. बायका दारातूनच हंबरडा फोडत यायच्या, माझ्या पायाशी चटई ठेवायच्या, मी मान हलवायचे. आत काही हलत नव्हतं. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग गाल आपला वाटत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. मी त्याचा कान बघत बसले होते. डाव्या कानाच्या पाळीला एक जुनी खाच होती. गळ लागला असेल, कुत्रा चावला असेल. कुणाला विचारणार? सख्खा भाऊ, आणि त्याच्या कानाला काय झालं हे मला ठाऊक नाही.

गेल्या पावसाळ्यात चर्चच्या सभागृहात राजधानीहून एक मुलगी आली होती, बायकांना शिकवायला. विषय काय, तर स्वतःचं नेतृत्व स्वतः कसं करायचं, धैर्य कसं धरायचं, आनंदी कसं राहायचं. गोड होती पोरगी. तिने एकेकीला उभं करून विचारलं, "या आठवड्यात तुम्ही स्वतः काय ठरवलंत?" माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "डब्यातल्या मटणाऐवजी मासे केले." सगळ्या हसल्या. पेलेनाइसे, माझी चुलत बहीण, मागून ओरडली, "अगं, दुकानातलं मटण संपलं होतं म्हणून केलेस!" ते खरंच होतं. मी कुठल्या शाळेत जायचं ते ताईने ठरवलं, मला आलेलं स्थळ ताईनेच परत पाठवलं. त्या पोरीने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तुम्हाला काय हवंय?' आम्ही भजन म्हटलं आणि घरी आलो.

पुरायच्या दिवशी सकाळी तीच पेलेनाइसे पांढऱ्या कापडावर कात्री घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. दुसऱ्या हातात फोन. फोनमध्ये ताई.

"तोकी, ऐकू येतंय का?" ताई फोनवर नेहमी ओरडूनच बोलते, जणू समुद्र तिने स्वतःच्या गळ्यानेच ओलांडायचाय. "हिंगानोचे केस कानापर्यंत काप. नुसती टोकं कापून तिचे लाड करू नकोस. बाबांच्या वेळी आत्याने आपले कसे कापले होते, आठवतंय ना?"

आठवत होतं. कात्री बोथट होती. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतच नाही.

"हो ताई."

"लोक बघतायत. कितिओनेच्या पोरीचे केस गावात सगळ्यांत लांब. ते कापले तर त्याचा मान राहील, आणि आपलाही."

"हो ताई."

पायथ्याशी लेसिएली वहिनी बसली होती. ती चटईआडून इतक्या हळू बोलली की मला वाकावं लागलं. "वन्सं, मी काही म्हणत नाही. फक्त तिची शाळा आहे. शाळेत दोन वेण्या लागतात."

"केस वाढतात, वहिनी," पेलेनाइसे म्हणाली. "शाळा काही पळून जात नाही. तोकी, बोलावू का पोरीला?"

मी पुन्हा 'हो' म्हणणार होते. शब्द तोंडात तयार होता. तेवढ्यात माझी नजर त्या कानाकडे गेली आणि वाटलं, हिंगानोला ठाऊक असेल. या खाचेचं काय झालं ते फक्त तिला ठाऊक असेल. म्हणून मी उठले.

उशाशी बसलेली फाहू उठत नाही. तिला पाणी हवं तर पाणी तिच्याकडे येतं. मी उठले तशी भजन म्हणणाऱ्यांची ओळ मधेच अडखळली. पेलेनाइसेने माझा पदर धरावा तशी माझ्या कमरेची चटई धरली. "अगं, कुठे? बस खाली!" मी चटई सोडवून घेतली आणि मागच्या दाराने बाहेर पडले.

मागे धूर होता, पुरुषांनी डुकरं उलटी टांगली होती, भट्टीतले दगड तापत होते. मला बघून सगळे थिजले. कुणीतरी घाईने खाली बसलं, कारण फाहूसमोर उभं राहायचं नसतं. एक म्हातारा काका पुटपुटला, "काही चुकलं का आमचं?"

हिंगानो अळूचे गड्डे सोलत बसली होती. फाटकी चटई हनुवटीपर्यंत, केस मोकळे, पार जमिनीवर लोळत होते. राख लागली होती टोकांना.

"आत्या? काही हवं होतं का? निरोप धाडायचा होतात." मग तिला वाटलं मी कशासाठी आले ते कळलं. तिने हात पुसले. "केस ना? आलेच."

"तुला कापायचेत का?"

काका खोकला. भट्टीत काहीतरी फुटलं.

"असं कसं विचारता, आत्या?" ती हळूच म्हणाली. ती माझ्यासाठी लाजत होती. चारचौघांत मी काहीतरी नको ते केलं होतं.

"विचारतेय खरं."

ती गड्ड्याचं साल उगाच लहान लहान तोडत राहिली. "बाबा घालायचे," ती म्हणाली.

"काय घालायचे?"

"वेण्या. आई पहाटेच हॉटेलात कामाला जायची ना. मग बाबा घालायचे. रोज. रिबिनी पण तेच बांधायचे." तिने मान खाली घातली. "आता घालायला कुणी नाही, तर कापल्या काय नि न कापल्या काय. पण कापल्या तर तेवढंही…" तिने डोळे फाटक्या चटईला पुसले.

मला माझा भाऊ जाळं विणताना माहीत होता, तोही लांबून. माझ्या भावाला वेणी घालता येत होती हे मला आत्ता कळत होतं, धुरात उभं राहून.

पेलेनाइसे फोन पुढे धरून मागोमाग आलीच. "घे. बोल ताईशी. मी नाही बाई यात."

"तोकी! उठलीस म्हणे? कशाला उठलीस? जाऊन बस आधी!"

"ताई, मी तिचे केस कापणार नाही."

"काय? नीट ऐकू येत नाही. वारा आहे का तिकडे?"

"वारा आहे, म्हणून तर तू आली नाहीस. मी केस कापणार नाही म्हटलं."

मग ताई ओरडली नाही, आणि हे तिच्या ओरडण्यापेक्षा वाईट असतं. "लोक म्हणतील, तोकीला कात्रीसुद्धा धरता येत नाही."

"म्हणू देत."

"मग मी येईन तेव्हा मला तोंड दाखवू नकोस."

मी भीती वाटायची वाट बघितली. ताईच्या या आवाजाला मी लहानपणापासून घाबरत आले. या वेळी भीती आलीच नाही. काहीच आलं नाही. बधिर झाल्याचा एवढा एक फायदा. याला धैर्य म्हणतात का, ते त्या राजधानीच्या पोरीला विचारायला हवं. मी फोन पेलेनाइसेच्या हातात दिला आणि हिंगानोला म्हटलं, "ऊठ. चल माझ्याबरोबर."

मी तिला पुढच्या दाराने आत नेलं. चटईवर, बापाच्या डोक्याशी, माझ्यासमोर तिची पाठ येईल अशी बसवलं. पाद्रीने हातातलं पुस्तक मिटलं. मेल्याच्या घरात मुलीचे केस मोकळे हवेत, कापलेले हवेत, आणि मी बोटांनी ते विंचरायला घेतले होते.

"आत्या," ती कुजबुजली, "आज वेणी चालत नाही."

"मी कोण आहे आज?"

"फाहू."

"मग चालते."

मला मुलगी नाही, मूल नाही. दुसऱ्याच्या डोक्यावर भांग पाडायची ही पहिलीच वेळ. वेणी सुरू कुठून करायची हेसुद्धा सुचेना. मी उजवीकडचे केस हातात घेतले.

"डावीकडची आधी," हिंगानो म्हणाली. "बाबा डावीकडची आधी घालायचे."

मी डावीकडचे घेतले. तीन पेड केले, एकावर एक.

"घट्ट."

मी ओढलं.

"अजून घट्ट. बाबा इतकं ओढायचे की माझे डोळे तिरळे व्हायचे. जाळं ओढल्यासारखं."

पायथ्याशी वहिनीच्या घशातून एक आवाज आला. आधी वाटलं हुंदका आहे. पण ती हसत होती, तोंडावर चटई दाबून. "मी म्हणायची त्याला," ती म्हणाली, "पोरगी आहे, मासा नाही."

"त्याच्या कानाला काय झालं होतं?" मी विचारलं.

"मीच चावले होते," हिंगानो म्हणाली. "लहान असताना. विंचरताना दुखलं म्हणून."

मी दुसरी वेणी घातली. रिबिनी नव्हत्या. समोर पांढऱ्या कापडावर ती कात्री तशीच पडलेली. मी कात्री उचलली तेव्हा पेलेनाइसेने सुटकेचा निःश्वास टाकला. मी त्या पांढऱ्या कापडाच्या दोन पट्ट्या कापल्या आणि वेण्यांना बांधल्या. एक बो मोठा झाला, एक लहान.

"बाबांची गाठ शाळेत पोचेपर्यंत सुटायची," हिंगानोने मागे हात नेऊन चाचपून बघितलं. "तुमची पण सुटेल."

मला रडू आलं नाही. बरं वाटलं मात्र. त्या घरात, त्या दिवशी, असं वाटणं बरोबर नव्हतं हे मला कळत होतं. तरी वाटलं.

दुपारी आम्ही त्याला घेऊन निघालो. रस्ता वाळूचा, वारा समोरून. बायका माझ्यापासून थोडं अंतर राखून चालत होत्या, आणि पेलेनाइसे फोनवर हळू आवाजात सगळं सांगत होती, गाठींच्या आकारासकट. ताई परत माझ्याशी बोलेल की नाही, ठाऊक नाही. बोलली नाही तर यापुढे माझं सगळं मलाच ठरवावं लागेल, आणि त्याची मला काहीच सवय नाही.

कितिओनेला खाली ठेवलं. पाद्रीने प्रार्थना म्हटली. पुरुष वाळू लोटायला लागले तेव्हा वाऱ्याने हिंगानोच्या डाव्या वेणीची पट्टी सोडवली. ती उडून थडग्याच्या कडेला पडली. तिने ती उचलली, गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आली.

फाहूकडे कुणी पाठ करत नाही. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, पट्टी खांद्यावरून मागे माझ्या हातात दिली, आणि वाट बघत थांबली. मी वेणी हातात घेतली, घट्ट ओढली, आणि तेव्हा मला भावासाठी रडू आलं.