कुणाचंच नसलेलं बटण

त्या सरकारी इमारतीत तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, विजेचं जुनं पॅनेल होतं. भिंतभर लोखंडी कपाट, त्यात खटक्यांच्या रांगा, आणि प्रत्येक खटक्याखाली रंगानं लिहिलेलं त्याचं नाव: पहिला मजला, दुसरा मजला, लिफ्ट, पाण्याची टाकी, व्हरांडा. सगळ्यात खालच्या रांगेतल्या एका खटक्याखाली मात्र नाव नव्हतं. त्याच्या मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि वर एवढंच लिहिलं होतं, ‘बंद करू नये’.

का करू नये, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

इमारतीची देखभाल जिच्याकडे होती तिला सगळे देखभालताई म्हणत. नळ गळू दे, लिफ्ट अडकू दे, नाहीतर कुणा साहेबाच्या खुर्चीचं चाक निखळू दे, जो तो तिच्याच नावानं हाक मारी. तिनं कारभार हाती घेतला त्या दिवशी आधीच्या माणसानं तिला गच्चीपासून गटारापर्यंत सगळी इमारत फिरवून दाखवली होती, आणि शेवटी या खटक्यासमोर उभं राहून, आवाज खाली आणून म्हणाला होता, “याला तेवढा हात लावायचा नाही.”

“का?”

“मलाही असंच सांगितलं होतं.”

तेव्हा ती हसली होती. आता हसून भागणार नव्हतं. येत्या शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, जुनं पॅनेल काढून नवं बसायचं होतं, आणि मोठ्या साहेबांनी, म्हणजे कार्यकारी अभियंत्यांनी, साधी सरळ अट घातली होती. प्रत्येक वायरला नाव हवं. नाव नाही ती वायर नव्या पॅनेलला जोडायची नाही, कापायची.

“नाव नसलेली वायर म्हणजे उद्याची आग,” साहेब म्हणाले. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

“साहेब, एक वायर बेवारस आहे,” ती म्हणाली.

“मग शनिवारच्या आत वारस शोधा.”

वायरमननं त्या वायरीला मीटर लावून बघितलं. काटा जागचा हलला नाही. “मेलेली आहे, ताई. उगाच नाडी बघत बसू नका.” नव्या पॅनेलच्या कंत्राटदाराची माणसं तर येता-जाता त्याला भुताचं बटण म्हणायला लागली होती. त्यातला एक जण खटक्यासमोर हात जोडून उभा राहायचा आणि बाकीचे खो खो हसायचे.

देखभालताईला ते हसणं लागायचं. कारण ती काळी पट्टी तिच्या वडिलांनी गुंडाळलेली होती.

अण्णा त्याच इमारतीत वायरमन होते. निवृत्त होऊनही हात स्वस्थ नव्हते. त्या संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा ते शेजाऱ्यांची इस्त्री उघडून बसले होते.

“अण्णा, त्या खटक्यावर नक्की काय चालतं?”

“कुठल्या?” त्यांनी विचारलं, पण स्क्रू फिरवणारा हात थांबला होता.

“तुमच्या पट्टीच्या.”

“माझ्या उस्तादांनी सांगितलं, हा बंद करू नकोस. मी केला नाही.”

“का म्हणून विचारलं नाहीत कधी?”

“त्या काळी उस्तादांना का विचारायची सोय नव्हती. विचारलं की हातात असेल ते फेकून मारायचे. बहुतेक वेळा पक्कड असायची.”

आई आतून म्हणाली, “उस्तादांचा खटका जपला, आणि माझ्या डोक्यावरचा पंखा मात्र मी खोलीत असताना बंद करतात.”

“तू झोपलेली असतेस.”

“झोपलेल्या माणसाला उकडत नाही होय?”

अण्णा हसले नाहीत. इस्त्रीचा स्क्रू वाटीत टाकून म्हणाले, “लोक हसत असतील ना तिकडे?”

“नाही हो.”

“हसत असतील. हसू देत.” मग थोडं थांबून, “पण कापायच्या आधी एकदा नीट बघ, बाळ. सगळी नोकरी मी रोज सकाळी आधी त्या खटक्याकडे बघायचो, चालू आहे ना, आणि मगच कामाला हात घालायचो. नेमच होता तो माझा. तो अगदीच कशाचाही नव्हता असं निघालं तर...” पुढचं त्यांनी गिळलं आणि पुन्हा इस्त्रीत डोकं घातलं.

तिला रात्री तेच आठवत राहिलं. केलेला नेम फुकट गेला असं कळणं म्हातारपणी फार वाईट. तिनं ठरवलं, कापायचीच असेल तर वायर कापू, पण ती कुठं जाते हे अण्णांना सांगितल्याशिवाय नाही.

वायरमन लोकांची एक जुनी रीत असते. खटका कशाचा आहे कळत नसलं की तो बंद करायचा आणि कोण ओरडतं ते ऐकायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तेच केलं. पट्टीवर बोटं टेकवली, क्षणभर मनातल्या मनात अण्णांची माफी मागितली, आणि खटका खाली ओढला. खट्. मग दोघं, ती आणि वायरमन, जिन्याखाली कान देऊन उभे राहिले.

कुणी ओरडलं नाही.

ती मजल्यामजल्यावर फिरली. “तुमच्याकडं काही बंद पडलंय का?”

“आमच्याकडं चालू काय आहे ते विचारा,” पहिल्या मजल्यावरचा कारकून म्हणाला.

दुसऱ्या मजल्यावरच्या टंकलेखक बाई म्हणाल्या, “पंखा आधीपासूनच बंद आहे. तक्रार तुमच्याकडेच दिली होती.” तो पंखा तिनं लगेच करून दिला, पण त्याचा या खटक्याशी संबंध नव्हता. गच्चीवर टाकी भरत होती. लिफ्ट नेहमीसारखी कुरकुरत चालत होती.

शेवटी ती तळघरात उतरली. तिथं दप्तरखाना होता. साऱ्या भागाच्या घरांचे, जमिनींचे, जन्म-मृत्यूंचे कागद लाल कापडात बांधून मांडण्यांवर रचून ठेवलेले. त्या मांडण्यांच्या मध्ये एका टेबलाशी दप्तरीकाका बसायचे. गुबगुबीत, हसरा माणूस. कागद मागितला की डोळे मिटल्यासारखे करून थेट त्या गठ्ठ्यापाशी जायचे.

“काका, इथं काही बंद पडलंय?”

“इथं? काही नाही. दिवे बघ की, लागलेत.”

दोन दिवसांनी ती पुन्हा गेली. काकांचे डोळे लाल होते. मांडणीवरचा गठ्ठा खाली काढायला आलेल्या शिपायावर ते उगाचच खेकसले. “काका, बरं नाही का?” तिनं विचारलं. “मला काय धाड भरलीय,” काका म्हणाले. हा माणूस असं बोलत नसे. तिच्या मनात कुठंतरी बारीकसं टोचलं, पण कशाचं ते समजेना.

शुक्रवारी सकाळी कंत्राटदाराचा माणूस कटर घेऊनच आला. “ताई, इतके दिवस बंद ठेवलं, कुणी हूं केलं नाही. आता तरी मेली म्हणा.”

“संध्याकाळपर्यंत थांबा,” ती म्हणाली, आणि वायरमनला घेऊन वायरीच्या मागे निघाली. पॅनेलमधून वायर छतापाशी चढत होती, जिन्याच्या पोटातून वळून पुन्हा खाली उतरत होती, आणि तळघराच्या भिंतीत एका लोखंडी नळीत शिरत होती. नळीचं तोंड पुढं कुठंच निघत नव्हतं. ती भिंत संपायची तिथं, कोपऱ्यात, कागदांनी भरलेलं एक अवजड लोखंडी कपाट होतं.

“ते हलवायचं नाही,” दप्तरीकाका टेबलावरून म्हणाले. “फार जुने कागद आहेत त्यात.”

ती कपाटापाशी गेली आणि बघत उभी राहिली. सगळ्या कपाटांचा रंग सारखाच करडा. याच्या एका बाजूला मात्र, बसलेल्या माणसाचं डोकं येईल इतक्या उंचीवर, ताटलीएवढा एक काळपट, तेलकट डाग होता. खाली फरशीवर खुर्चीच्या पायांनी चार खळगे पाडलेले. काकांची खुर्ची टेबलापाशी असताना हे खळगे कुणाचे?

तिनं मागं वळून काकांच्या डोक्याकडं बघितलं. नीट चोपून तेल लावलेलं, मधोमध भांग.

काका मान फिरवून भिंतीकडं बघायला लागले.

वायरमनला तिनं वर पाठवलं. मग काकांच्या समोरच्या स्टुलावर बसली आणि हळूच म्हणाली, “काका, माझ्याकडून ही गोष्ट साहेबांच्या कानावर जाणार नाही. दुपारी तिथं डोकं टेकता ना?”

“जेवणाच्या सुट्टीत,” काका म्हणाले.

“सुट्टीतच म्हणते मी.”

“थोडी इकडंतिकडं होते सुट्टी.” मग त्यांना राहवलं नाही. “तुला खरं सांगू? त्या कपाटाला टेकलं ना की आतून घूं घूं असं काहीतरी यायचं. थोडा वेळ यायचं, थांबायचं, परत यायचं. घरी मला कधी अशी झोप लागली नाही. आईनं पाठीवर थोपटावं तसं वाटायचं. आणि आता ते येतच नाही बघ. कपाट कसं गारठल्यासारखं गप्प झालंय. डोळ्याला डोळा नाही माझ्या.”

“कधीपासून?”

“तू विचारायला आलीस ना, काही बंद पडलंय का म्हणून? त्याच दिवसापासून.”

“मग सांगितलं का नाहीत?”

काकांनी तिच्याकडं असं बघितलं, जणू तिनंच काहीतरी वेड्यासारखं विचारलंय. “काय सांगू? माझी झोप बंद पडली, ताई, दुरुस्त करून दे?”

ती इतकी हसली की वायरमन जिन्यावरून डोकावला. मग हसता हसताच तिचं लक्ष खाली गेलं. कपाटाभोवतीच्या फरशांच्या सांध्यांतून काळी ओल वर आली होती. जवळच्या मांडणीच्या सगळ्यात खालच्या फळीला, गठ्ठ्यांच्या लाल कापडाच्या कडेला, ती ओल शिवायचीच बाकी होती.

शिपाई आले, कंत्राटदाराची माणसंही आली. आधी खालच्या फळीवरचे गठ्ठे वर चढवले, मग कपाट रिकामं करून ढकललं. खालची फरशी बाकीच्यांसारखी बसवलेली नव्हती, नुसती ठेवलेली होती. वायरमननं पहारीनं ती उचकटली.

खाली विहिरीसारखा चौकोनी खड्डा होता, दगडी बांधणीचा, आणि काठापर्यंत पाणी. काळंभोर, स्वच्छ, आरशासारखं स्थिर. बॅटरीचा उजेड आत सोडला तेव्हा तळाशी ओतीव लोखंडाची एक जुनी मोटार दिसली. तिला बांधलेला तांब्याचा फुगा पाण्यावर तरंगत होता. पाणी चढलं की फुगा वर येणार आणि मोटार चालू होणार, पाणी उतरलं की बंद. वायरमननं कपाळावर हात मारला. त्यानं मीटर लावलं तेव्हा फुगा खाली होता, एवढंच.

कंत्राटदाराच्या माणसानं कटर पाठीमागं धरला.

“खटका वर करा,” ती म्हणाली.

वरून खट् असा आवाज आला, आणि खड्ड्यातून घूं घूं सुरू झालं. पाण्यावर बारीक थरथर उठली. सगळे वाकून बघत होते. पाणी काठापासून बोटभर उतरलं, मग वीतभर. दप्तरीकाका मांडणीला टेकून उभे होते, ते उभ्या उभ्याच पेंगायला लागले.

मोठे साहेब स्वतः तळघरात आले. खड्ड्यात वाकून बघितलं. पाया खणताना पाणी लागलं असेल, म्हणून मोटार बसवली असेल, पुढं दप्तरखाना खाली आला तेव्हा फरशी घालणाऱ्यानं जमीन एकसारखी केली आणि त्यावर कपाट चढलं, असा त्यांनी अंदाज बांधला. मग म्हणाले, “जोडा. नाव लिहा. शिवाय जोडीला एक नवी मोटार मागवा, ही बिचारी किती दिवस काढणार?”

“नाव काय लिहू, साहेब?”

“काय आहे ते लिहा. तळघराची पाणी-मोटार.” जाताना जिन्यात थांबून त्यांनी विचारलं, “पण कळलं कसं तुम्हाला?”

“ओल दिसली, साहेब,” ती म्हणाली. खोटं नव्हतं ते. काकांनी खाली मान घातली.

शनिवारी नवं पॅनेल बसलं. दुपारी ती अण्णांना घेऊन आली. त्यांनी नवं पॅनेल वरवर बघितलं, छान आहे म्हणाले, आणि थेट तळघरात उतरले. खड्ड्यावर अजून फरशी घातली नव्हती. ते काठाशी उकिडवे बसले. आपल्या आयुष्यभराच्या नेमाचं तोंड आज पहिल्यांदा बघत होते. तिला वाटलं, आता डोळे पुसतील. त्यांनी हात आत घालून ओंजळभर पाणी घेतलं, वास घेतला, जिभेला लावलं.

“नळाचं नाही हे,” ते म्हणाले.

“नाही.”

“गटाराचंही नाही. गोड आहे. येतं कुठून?”

“ठाऊक नाही, अण्णा.”

“मोटारीनं उपसून जातं कुठं?”

“मागच्या बाजूला गटारात पडत असेल.”

“असेल म्हणजे? बघितलं नाहीस?” अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले. उस्तादांना कधी न विचारलेले सगळे प्रश्न त्यांच्या तोंडावर एकदम गोळा झाल्यासारखे दिसत होते. “बॅटरी कुठाय? आधी जातं कुठं ते बघू, मग येतं कुठून ते. आणि या मोटारीचा आवाज दर वेळी किती वेळ चालतो हे कुणी मोजलंय का? इथं दिवसभर कोण बसतं?”

गठ्ठे पुन्हा लावायला सुट्टीच्या दिवशीही आलेल्या दप्तरीकाकांनी घाबरून देखभालताईकडं बघितलं.

“हे बसतात,” ती म्हणाली. “यांच्याइतकं लक्ष देऊन तो आवाज दुसऱ्या कुणी ऐकला नसेल.”

“वा,” अण्णा म्हणाले, आणि काकांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना मागच्या दाराकडं घेऊन निघाले. “चला, मला सगळं नीट सांगा. पहिल्यापासून.”