नेरिनाची खोली

सात वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाहून आलेल्या एका पत्राला लिव्हिओ वास्कोत्तोनं उत्तर दिलं नव्हतं. पत्र त्याच्या थोरल्या बहिणीचं, नेरिनाचं होतं. लग्नानंतर लगेच, एकोणिसाव्या वर्षी, ती इटलीतल्या त्रिएस्तेच्या धक्क्यावरून बोटीत चढली तेव्हा लिव्हिओ नऊ वर्षांचा होता. नवरा गेल्यावर, ऐंशीची झाल्यावर तिनं लिहिलं होतं, "एकदा यावं म्हणते. माझी खोली अजून आहे का? आहे म्हणालास तर तिकीट काढते."

खोली होती. पण जुन्या पुस्तकांचं दुकान बंद केल्यावर उरलेली सगळी पुस्तकं लिव्हिओनं तिथं रचली होती आणि दार अर्धंच उघडत होतं. 'आहे' म्हणावं तर खोटं, 'नाही' म्हणायला जीव धजेना. त्यानं एक खर्डा केला, मग दुसरा. तोवर उशीर झाला, म्हणून तिसरा माफीनं सुरू झाला. जसजसा उशीर वाढला तसतशी माफीही लांबत गेली. शेवटचा खर्डा नऊ पानांचा झाला आणि त्यात खोलीचं नावही नव्हतं.

यंदा जूनमध्ये भाच्याचा फोन आला. "मामा, आमचा कॅलम आणि त्याची मैत्रीण टेस चार महिने पाठीवर बोचकं घेऊन युरोप हिंडतायत. तीन दिवस तुमच्याकडं टेकले तर चालेल?"

लिव्हिओ 'हो' म्हणून बसला. मग आठ दिवस पुस्तकं हलवत होता. पुस्तकं बोळात गेली, स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली गेली, बाथटबात गेली.

समोरच्या दारातल्या फुल्व्हियाबाई कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. "पाहुणे आंघोळ कुठं करणार, ज्ञानकोशात?"

पोरं आली. कॅलम, नेरिनाचा नातू, उंच, उन्हानं नाक सोललेला; बापाचं ऐकून तोही लिव्हिओला 'मामा'च म्हणायचा. टेस बुटकी आणि चपळ, इटालियन शब्द तिला मोजून दहा येत. कॅलम मात्र आजीकडून शिकलेली त्रिएस्तेची बोली फाडफाड बोलायचा, तीही सत्तर वर्षांपूर्वीची. कॉफी मागितली तर काउंटरमागची बाई म्हणाली, "अग्गोबाई, माझी पणजी बोलली!"

नेरिनानं त्याला एक यादी दिली होती. बुटांचं दुकान, सिनेमाचं थिएटर, बदामाचे लाडू मिळणारी बेकरी, अमक्या चौकातला नळ. पहिल्या दिवशी ती दोघं नकाशा आणि यादी घेऊन गावभर फिरली. लिव्हिओ चार पावलं मागून चालत होता. बुटांच्या दुकानाच्या जागी बँक होती. थिएटरच्या जागी मोटारी उभ्या होत्या.

"तुझी आजी आपल्याला नसलेलं गाव दाखवतेय," टेस म्हणाली.

"नळ सापडला की!"

"नळ तिकडं ऑस्ट्रेलियात, आमच्या जिलाँगातही आहेत."

लिव्हिओला वाटायचं, सांगावं त्यांना, बेकरी दोन गल्ल्या पलीकडं गेली आहे. पण मध्ये बोलायचा धीर व्हायचा नाही. शिवाय त्याची नजर त्या कागदाच्या तळाशी असायची. घडीमुळे शेवटच्या ओळी दिसत नव्हत्या, आणि त्यात आपलं नाव असणार, याची त्याला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी ती दोघं वर पठारावर गेली. घरची वाइन कुठं मिळते याची खूण म्हणून फाट्याफाट्यावर टांगलेल्या आयव्ही वेलीच्या फांद्यांचा माग काढत एका शेतकऱ्याच्या अंगणात पोचली आणि उकडलेली अंडी, हॅम आणि लाल वाइन पोटभर घेऊन आली. उतरताना वाट चुकली. दोष नकाशाचा की नकाशा धरणाऱ्याचा, यावरून जुंपली ती तिसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीलाही चालूच होती.

"चार महिने एका तंबूत," टेस लिव्हिओला म्हणाली. हातवारे करून तिनं तंबूचा आकार दाखवला आणि मग कॅलमचा.

यादीत आता एकच जागा उरली होती, दीपस्तंभाजवळची समुद्रस्नानाची जागा. फुल्व्हियाबाई टोपी घालून तयारच होत्या. उन्हाळ्यात त्या रोज जात. फाटकापाशी दोन दारं होती. बाईंनी टेसचा दंड धरला आणि डावीकडं चालू लागल्या.

"अरे! आम्ही एकत्र नाही?"

"पोरी, मध्ये भिंत आहे," बाई म्हणाल्या. "आत आलीस की कळेल, केवढं सुख आहे ते."

पांढरी भिंत, दोन पुरुष उंच, किनारा चिरत थेट पाण्यात गेलेली. पलीकडं बायकांचा गलबला, अलीकडं पुरुष पत्ते खेळत किंवा झोपलेले. बारा वर्षांपर्यंतचे मुलगे आईबरोबर पलीकडं जाऊ शकतात. नेरिनाबरोबर लिव्हिओ शेवटचा बसला होता तो पलीकडच्या गोट्यांवर.

कॅलमनं टॉवेल पसरला. "मामा, आजीनं तुम्हाला एक सांगायला सांगितलंय."

लिव्हिओनं पुस्तक उघडलं. चष्मा पिशवीतच होता.

"ती म्हणते, घाई नाही."

"कशाची?"

"उत्तराची. म्हणते, लिव्हिओ नाही म्हणालेला नाही, म्हणजे विचार करतोय. लहानपणी पाण्यात उतरायलासुद्धा त्याला अर्धी सकाळ लागायची."

"रागावली असेल."

"पहिली दोन वर्षं. मग तिनं पासपोर्ट नवा करून घेतला."

लिव्हिओ गोट्यांकडं बघत राहिला. तेवढ्यात भिंतीपलीकडून टेसची हाक आली, "कॅलम! टोमॅटो कुणाकडं?"

"माझ्याकडं!"

"फेक!"

कॅलमनं एकेक करून तीन टोमॅटो भिंतीवरून टाकले. दोन झेलल्याचा आवाज आला, तिसऱ्यावर कुणीतरी किंचाळलं आणि पलीकडं हशा पिकला.

"नाकाला मलम लावलंस का?"

"लावतो!"

"आत्ता लाव!"

झालं. सकाळच्या भांडणाचा शब्दही निघाला नाही. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. कॅलम मुकाट नाकाला मलम फासत होता.

आता फुल्व्हियाबाईंचा आवाज आला. "लिव्हिओ! ही पोरगी खुणेनं विचारतेय, आम्ही गेल्यावर पुस्तकं परत त्या खोलीत जाणार का? मी म्हटलं, उद्या संध्याकाळच्या आत!"

पत्ते खेळणारे थांबले. पलीकडचा गलबलाही थांबला. लिव्हिओनं आयुष्यात कधी कुणाला ओरडून काही सांगितलं नव्हतं; दुकानात तो गिऱ्हाइकाला किंमतही कागदावर लिहून दाखवायचा. तो उठून उभा राहिला. आवाज निघेल का, अशी त्याला धास्ती वाटली.

"नाही जाणार!"

"मग तुम्ही आंघोळ कुठं करणार?"

"इथं!"

भिंतीपलीकडून एक अनोळखी बाई म्हणाली, "शाब्बास!" आणि टाळ्या पडल्या. लिव्हिओ लाजून सरळ पाण्यात शिरला, गुडघ्यापर्यंत, मग कंबरेपर्यंत. पाणी कोमट होतं.

परतताना टेसकडं न पाठवलेली चित्रांची कार्डं होती. लिव्हिओनं त्यातलं एक मागून घेतलं, धक्क्याचं. तंबाखूच्या दुकानातून टपालाचं तिकीट घेतलं आणि तिथल्याच उंच टेबलावर उभ्याउभ्या लिहिलं:

"नेरिना, खोली रिकामी आहे. पाणी कोमट आहे. ये. लिव्हिओ."

आणखी काही लिहायला जागा होती. पेन तिथं थोडा वेळ घुटमळलं, मग त्यानं त्याचं टोपण लावलं. पत्ता त्याला पाठ होता.

कोपऱ्यावरच्या लाल पेटीला दोन तोंडं होती, एक गावासाठी आणि एक बाकी सगळ्या ठिकाणांसाठी. लिव्हिओ नेहमी डावीकडचंच वापरायचा. गावाबाहेर त्यानं फार पत्रं धाडली नव्हती. कार्ड उजवीकडं धरून तो थांबला.

"अर्धी सकाळ झाली, मामा," कॅलम म्हणाला.

लिव्हिओनं कार्ड सोडलं.